डॉक्टरांना तुमची लोकलची वेळ सांगा

तुमच्या केसपेपरवर काय काय लिहिलेलं असतं? नाव, वय, वजन, बीपी, शुगर, कसली ॲलर्जी, घरात कोणाला मधुमेह किंवा हृदयविकार. 'व्यवसाय' या रकान्यात 'नोकरी' एवढा एकच शब्द. तुम्ही राहायला डोंबिवली, बदलापूर, विरार किंवा पनवेलला आणि नोकरीला फोर्ट, परळ किंवा अंधेरीला असाल, तर त्या एका शब्दात फार मोठी गोष्ट झाकली जाते. घराला कुलूप लावल्यापासून ऑफिसच्या खुर्चीत बसेपर्यंत पावणेदोन तास, आणि संध्याकाळी तेवढेच. रोजचे साडेतीन तास, महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर साडेसत्याऐंशी तास होतात. पण हे तास 'जाण्यायेण्याचा वेळ' म्हणून हिशेबातून सोडून दिले जातात. जणू तेवढा वेळ शरीर बंद ठेवून आपण नुसते इकडून तिकडे पोचतो!

माझं मत असं आहे की उपनगरात राहणाऱ्या माणसाच्या केसपेपरवर लोकलची वेळ लिहिलेली असलीच पाहिजे. कुठून कुठे, कितीची गाडी, बसून की उभ्याने. कारण गोळी कधी घ्यायची, पाणी किती प्यायचं, नाश्ता किती वाजता करायचा हे सगळं आम्ही डॉक्टर कागदावर लिहून देतो, आणि लोकलशी त्याचा मेळ बसला नाही की तुम्ही ते गुपचूप बंद करता. आम्हाला सांगतही नाही. पुढच्या वेळी बीपी वाढलेलं दिसतं आणि डॉक्टर गोळीचा डोस वाढवतात. गोळी पोटात जातच नव्हती, हे मधल्या मध्ये राहून जातं.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. लोकल सोडा आणि गाडी घ्या, असं मी कोणालाही सांगत नाही. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली आणि तेव्हापासून हे शहर रुळांच्या कडेकडेने वाढत गेलं. आज रोज ७० लाखांच्या आसपास माणसं लोकलने प्रवास करतात. त्यांतल्या निम्म्यांनी गाड्या रस्त्यावर आणल्या तर कोणी कुठेच पोचणार नाही. शिवाय ट्रेनने जाणारा माणूस स्टेशनपर्यंत चालतो, ब्रिज चढतो, उतरतो, पुन्हा चालतो. दोन तास ट्रॅफिकमध्ये क्लच दाबत बसणाऱ्याच्या वाट्याला एवढीही हालचाल येत नाही. तेव्हा लोकल शत्रू नाही. तिच्यातला प्रवास विचारात न घेता केलेला इलाज बिनकामाचा ठरतो, एवढंच मला म्हणायचं आहे.

पाणी न पिणाऱ्या बायका

सुरुवात मुद्दाम इथून करतो, कारण हा विषय बोलला जात नाही. लोकलमध्ये स्वच्छतागृह नसतं. स्टेशनवर असतं, पण ते कुठल्या फलाटाच्या कुठल्या टोकाला आहे, उघडं आहे का, आत पाय ठेवण्यासारखं आहे का, हे सगळं बघेपर्यंत आठ सतराची गाडी निघून गेलेली असते. मग बायका स्वतःपुरता उपाय शोधतात. सकाळी उठल्यावर चहाचे चार घोट घ्यायचे, पाणी नाही. ऑफिसमध्ये दुपारी जेवताना एक ग्लास. चारनंतर पुन्हा काही नाही, कारण सहाची गाडी पकडायची असते. मुंबईच्या दमट हवेत, घामाने कपडे भिजत असताना, दिवसभरात पोटात गेलेलं पाणी जेमतेम तीन ग्लास भरतं. रात्री घरी आल्यावर तहान भागवायची आणि मग दोनदा उठायचं.

याचे परिणाम दवाखान्यात दिसतात. उन्हाळी लागली म्हणून आलेल्या, वर्षातून तीन-चार वेळा अँटिबायोटिक घेणाऱ्या कितीतरी जणी लेडीज डब्यातल्या असतात. कारण साधं आहे. स्त्रियांमध्ये मूत्रमार्ग आखूड असतो, त्यामुळे जंतू मूत्राशयापर्यंत सहज पोचतात. दर तीन-चार तासांनी लघवी झाली की ते वाहून जातात. लघवी सहा-सात तास अडवून ठेवली आणि मुळात ती कमीच तयार होत असली, की जंतूंना वाढायला निवांत वेळ मिळतो. २०१८ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. वारंवार लघवीचं इन्फेक्शन होणाऱ्या आणि कमी पाणी पिणाऱ्या १४० स्त्रियांपैकी निम्म्यांना रोज दीड लिटर जास्त पाणी प्यायला सांगितलं. वर्षभरात त्यांची इन्फेक्शन्स दुसऱ्या गटाच्या तुलनेत जवळजवळ निम्म्यावर आली. औषध काय, तर पाणी. मुतखड्याचंही गणित हेच आहे. ज्यांना एकदा खडा झाला आहे त्यांना दिवसाला दोन-अडीच लिटर लघवी होईल एवढं पाणी लागतं. ते पुरुषांनाही लागू आहे.

आता 'भरपूर पाणी प्या' असं लिहून मी मोकळा झालो, तर या बाईंच्या दृष्टीने त्या सल्ल्याचा उपयोग शून्य. म्हणून मी वेळ विचारतो आणि मग त्याप्रमाणे सांगतो. समजा साडेसातला घर सोडायचं आहे. उठल्याउठल्या, म्हणजे साडेपाचला, दीड-दोन ग्लास पाणी एकदम प्यायचं. त्यातलं जास्तीचं पाणी तास-दीड तासात लघवीवाटे बाहेर पडतं. निघायच्या आधी एकदा नाही, दोनदा जाऊन यायचं, मध्ये पंधरा मिनिटं सोडून. चहा निघताना घ्यायचा नाही. चहाने लघवीची भावना लवकर होते, तेव्हा तो ऑफिसला पोचल्यावर. पोचलं की पहिलं काम लघवीला जाणं. मग दहा ते चार या सहा तासांत सहा-सात ग्लास, घोट घोट करत. पाचला शेवटचा अर्धा ग्लास आणि गाडीआधी पुन्हा जाऊन येणं. हे जमतं. ज्यांनी केलं त्यांना फरक पडलेला मी पाहिला आहे. (ज्यांना किडनीचा किंवा हृदयाचा आजार आहे आणि पाणी मोजून प्यायला सांगितलं आहे, त्यांनी हे वेळापत्रक स्वतःहून लावून घेऊ नये.)

बीपीच्या काही गोळ्यांत लघवी वाढवणारं औषध असतं, ज्याला आपण 'पाण्याची गोळी' म्हणतो. ती सकाळी घ्यायला सांगितलेली असते आणि लोकलने जाणारे नेमकी तीच सोडतात. रविवारी तेवढी घेतात! अहो, सोडू नका. डॉक्टरांना सांगा. वेळ बदलता येते, गोळी बदलता येते, बीपीसाठी दुसरे कितीतरी पर्याय आहेत. मात्र हे सांगितल्याशिवाय कळणार कसं?

खरं तर हा प्रश्न पूर्णपणे डॉक्टरांचा नाहीच. मुंबईत २०११ पासून 'राइट टू पी' या नावाने बायकांनी स्वच्छ आणि मोफत मुतारीसाठी चळवळ चालवली. नाव ऐकून हसणारे तेव्हाही होते. मला तो सरळसरळ आरोग्याचा प्रश्न वाटतो. स्टेशनवरची एक वापरण्यासारखी मुतारी किती अँटिबायोटिकचे कोर्स वाचवत असेल, याचा विचार करून बघा.

घाम सगळ्यांनाच येतो

मधुमेही मंडळींनी हा भाग नीट वाचावा. सकाळी साडेसहाला गोळी किंवा इन्सुलिन घरी घेतलं आणि नाश्ता मात्र 'ऑफिसला जाऊन करू' म्हणून डब्यात ठेवला. मध्ये तीन तास. स्टेशनपर्यंत पायपीट, ब्रिज, धावपळ, उभ्याने प्रवास. औषध आपलं काम करत राहतं आणि रक्तातली साखर उतरत जाते. ७० च्या खाली गेली की हात थरथरतात, धडधडतं, दरदरून घाम येतो, समोरचं नीट समजेनासं होतं.

एरवी घरी असं झालं तर घरच्यांना लगेच कळतं. लोकलमध्ये ज्याला त्याला घाम आलेला असतो. भांबावलेल्या माणसाला शेजारचा दारू प्यायलेला समजतो. आणि साखर असते बॅगेत, बॅग असते रॅकवर, रॅक तीन माणसांच्या पलीकडे.

म्हणून दोन गोष्टी. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारखी गोळी घेत असाल तर ती घेतल्यावर घरातच खाऊन निघायचं. पोळी-भाजी नको असेल तर नका खाऊ, पण दोन इडल्या, उपमा, दूध-पोहे काहीतरी पोटात गेलंच पाहिजे. ते अजिबात जमत नसेल तर औषधाची वेळ किंवा प्रकार बदलायला डॉक्टरांना सांगा. दुसरी गोष्ट, तीन चमचे साखर किंवा ग्लुकोजची पुडी शर्टाच्या खिशात, बाईंच्या बाबतीत गळ्यातल्या छोट्या पर्समध्ये. बॅगेत नाही. लक्षणं वाटली की ती तोंडात टाकायची, पंधरा मिनिटांत बरं वाटलं नाही तर पुन्हा एकदा. बिस्किट किंवा चॉकलेटवर विसंबू नका, त्यातल्या चरबीमुळे साखर रक्तात उशिरा पोचते.

नुसती मेटफॉर्मिन घेणाऱ्यांची साखर अशी सहसा खाली जात नाही, त्यांचं दुखणं वेगळं. सुरुवातीला काहींना त्या गोळीने पोट बिघडतं, एकदा लोकलमध्ये कळ आली की पुन्हा त्या गोळीचं नाव काढत नाहीत. त्यावरही उपाय आहे. जेवणाबरोबर घ्यायची, किंवा हळूहळू विरघळणारी गोळी रात्रीच्या जेवणानंतर.

इन्सुलिनचं पेन गरम डब्याला चिकटवून ठेवू नका, एवढं जाता जाता सांगतो.

उभ्या उभ्या आलेली चक्कर

गर्दीच्या वेळच्या लोकलसाठी रेल्वेच्या भाषेत एक शब्द आहे, 'सुपर डेन्स क्रश लोड'. एका चौरस मीटरमध्ये चौदा ते सोळा माणसं. म्हणजे घरातल्या एका छोट्या टेबलाएवढ्या जागेत एक अख्खं एकत्र कुटुंब उभं! अशा गर्दीत येणाऱ्या चक्करेबद्दल थोडं समजून घ्या.

आपण उभे राहतो तेव्हा अर्धा-पाऊण लिटर रक्त पायांकडे उतरतं. पोटऱ्यांचे स्नायू हलले की ते वर ढकललं जातं, म्हणून चालताना चक्कर येत नाही. लोकलमध्ये पाय हलवायला जागा नसते. उकाड्याने त्वचेखालच्या रक्तवाहिन्या सैलावतात. पोटात पाणी नाही, नाश्ता नाही. मेंदूकडे जाणारं रक्त कमी पडतं. आधी जांभया, मळमळ, कानात आवाज लांबून आल्यासारखे, डोळ्यांपुढे अंधारी, आणि मग शुद्ध हरपते.

शुद्ध हरपून खाली पडणं ही निसर्गाची सोय आहे. माणूस आडवा झाला की रक्त आपोआप मेंदूकडे जातं आणि मिनिटभरात तो डोळे उघडतो. गर्दीत मात्र तो पडूच शकत नाही. चारी बाजूंच्या माणसांच्या दाबाने उभाच राहतो. आणि आपण सगळे भल्या मनाने त्याला आणखी घट्ट धरून उभा करतो, 'पडेल, पडेल' म्हणत. हे करू नका. जागा करा, त्याला आडवा करा, पाय थोडे उंच धरा. चौथ्या सीटवरच्याने उठून नुसतं बसवलं तरी डोकं गुडघ्यांपर्यंत खाली वाकवा. तोंडात पाणी ओतू नका, कांदा-चप्पल हुंगवू नका. मिनिटा-दोन मिनिटांत शुद्ध आली नाही, छातीत दुखत असेल, झटके येत असतील, तर ही साधी चक्कर नाही.

आणि स्वतःला तसं वाटू लागलं तर? टाचा उचला आणि टेका, मांड्या एकमेकींवर घट्ट दाबा, मुठी आवळा. याने रक्त वर ढकललं जातं आणि दोन-तीन मिनिटांची सवड मिळते. तेवढ्यात मागून घ्या जागा. लाजू नका. मी तर म्हणतो सरळ खाली बसा. पँट मळेल, धुता येते.

फिट येणाऱ्यांनी दारात उभं राहू नये हे मला पुन्हा पुन्हा सांगावं लागतं. हवा लागते म्हणून ते नेमके तिथेच जातात. दारातली जागा धडधाकट माणसालाही किती महागात पडू शकते, ते ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ साऱ्या शहराने पाहिलं.

ब्रिज तुमची तपासणी रोज करतो

ट्रेडमिलवर चालवून हृदयाची तपासणी करतात, ती स्ट्रेस टेस्ट तुम्हाला माहीत आहे. लोकलने जाणाऱ्याची अशी तपासणी रोज फुकटात होते, स्टेशनच्या पुलावर. गाडी लागली आहे, बॅग पाठीला आहे, पन्नास-साठ पायऱ्या भराभर चढायच्या आहेत. मागच्या गणपतीपर्यंत जो ब्रिज तुम्ही एका दमात चढत होता, त्याच्या मध्यावर आता थांबावं लागतंय का? चढताना छातीत, गळ्यापाशी, जबड्यात किंवा डाव्या हातात जड वाटतं आणि गाडीत पाच मिनिटं उभं राहिलं की ओसरतं, असं होतंय का?

'गाडीत चढलो की बरं वाटतं, म्हणजे गॅसच असणार', असं बहुतेक जण म्हणतात. उलट आहे. श्रम केल्यावर येणारं आणि थांबल्यावर जाणारं जडपण हे हृदयाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्याचं पुस्तकी लक्षण आहे. ईसीजी त्या वेळी नॉर्मलही येतो. म्हणून डॉक्टरांना नुसतं 'ॲसिडिटी होते' असं सांगू नका. 'ब्रिज चढताना होते आणि बसल्यावर जाते', असं सांगा. त्या एका वाक्याने तपासणीची दिशा बदलते.

आणि जे दुखणं बसल्यावरही जात नाही, पंधरा-वीस मिनिटं टिकतं, सोबत थंड घाम, मळमळ, घाबरल्यासारखं वाटणं असतं, त्याचं काय? इथे मुंबईकराची एक सवय मला फार भीतिदायक वाटते. 'आधी घरी जाऊ, मग बघू.' दादरला दुखायला लागलेला माणूस बदलापूरपर्यंत जातो, ब्रिज चढतो, रिक्षाच्या रांगेत उभा राहतो, घरी जाऊन ओवा खातो. हृदयाची रक्तवाहिनी बंद झाली असेल तर प्रत्येक मिनिटाला हृदयाचा स्नायू मरत असतो. लवकर पोचलेल्या रुग्णाची रक्तवाहिनी उघडता येते. दोन तासांनी ती उघडली तरी गेलेला स्नायू परत येत नाही.

अशा वेळी पुढच्या थांब्यावर उतरायचं. साखळी ओढून गाडी दोन स्टेशनांच्या मध्ये उभी केली तर तिथे स्ट्रेचरही पोचत नाही. शेजाऱ्याला स्पष्ट शब्दांत सांगायचं, 'छातीत दुखतंय, मला उतरवा.' उतरलं की बाकड्यावर बसायचं आणि तिथून हलायचं नाही. ब्रिज तर मुळीच चढायचा नाही. स्टेशन मास्तरकडे स्ट्रेचर असतं, रेल्वेची हेल्पलाइन १३९ आहे, रुग्णवाहिकेसाठी १०८. ॲस्पिरिनची ॲलर्जी नसेल आणि पोटात अल्सर किंवा रक्तस्राव झालेला नसेल, तर ३०० मिलिग्रॅमची ॲस्पिरिन चावून खावी. घरी फोन नंतर करा. घर जवळ असणं महत्त्वाचं नाही, कॅथलॅब असलेलं हॉस्पिटल जवळ असणं महत्त्वाचं आहे, आणि ती दादर-परळ-ठाण्याला जास्त आहेत.

बाकी पाठदुखी, पोटऱ्यांतल्या फुगलेल्या शिरा, बॅगेच्या पट्ट्याने दुखणारा खांदा यांवर पुन्हा कधीतरी लिहीन. तूर्त बॅग पुढे घ्या आणि तिचं वजन एकदा काट्यावर करून पाहा. छत्री, डबा, बाटली, लॅपटॉप, चार्जर मिळून ती सहा-सात किलो निघते.

सवय झाली म्हणजे काय झालं?

'सवय झाली हो डॉक्टर.' हे वाक्य रोज ऐकतो. मनाला सवय होते, मूत्राशयाला, स्वादुपिंडाला आणि हृदयाला होत नाही. मुंबईकरांच्या जिद्दीचं कौतुक करणाऱ्यांचा मला म्हणूनच थोडा राग येतो. कौतुक केलं की काही बदलायची गरज उरत नाही.

बदलण्यासारखी एक गोष्ट म्हणजे ऑफिसच्या वेळा. मध्य रेल्वेने २०२३ मध्ये कार्यालयांना पत्रं पाठवून वेळा पुढेमागे करण्याची विनंती केली होती, कारण सगळ्यांना एकाच तासात पोचायचं असतं. तुम्ही स्वतः कोणाचे साहेब असाल, हजेरीच्या वेळेवर तुमची सही चालत असेल, तर हा मुद्दा तुमच्यासाठी आहे. अर्ध्या-पाऊण तासाची सूट दिली तर ऑफिसचं फारसं बिघडत नाही. गरोदर बाईला, अँजिओप्लास्टी झालेल्याला, केमोथेरपी चालू असलेल्याला त्याने बसायला जागा मिळते. गरोदर स्त्रिया आणि कॅन्सरचे रुग्ण अपंगांसाठी राखीव डब्यातून जाऊ शकतात, हेही अनेकांना ठाऊक नसतं. जवळ कागदपत्रं ठेवा, म्हणजे वाद होत नाही.

आणि डॉक्टरांकडून तशी चिठ्ठी मागायला संकोच करू नका. मी 'विश्रांतीची गरज आहे' असं मोघम लिहीत नाही, कारण ते वाचून कोणी काही करत नाही. 'पुढचे सहा आठवडे सकाळी आठ ते दहा या वेळेत उभ्याने प्रवास टाळावा, कामावर येण्याची वेळ त्यानुसार ठेवावी', असं लिहितो. अशी चिठ्ठी बहुतेक ठिकाणी मान्य होते. तुमच्या डॉक्टरांनाही तसंच लिहायला सांगा, आणि सांगताना गाडीची वेळ, चढण्याचं स्टेशन आणि उतरण्याचं स्टेशन एका कागदावर लिहून न्या.